ब्रेकची नळी नीट का बांधायची? टापटिपीमागचं कारण शिकवणारा एक पाठ



आपण मुलांना दिवसातून किती वेळा म्हणतो, मोजून बघा. "नीट लिही." "नीट बस." "दप्तर नीट भर." मूल नीट करतंही, पण का करायचं हे त्याला माहीत नसतं. बाईंना आवडतं म्हणून, नाहीतर गुण कापले जातात म्हणून. मग बाई वर्गाबाहेर गेल्या की टापटीपही बाहेर जाते.

टापटिपीचं कारण ज्यात डोळ्यांना दिसेल, असं उदाहरण वर्गासाठी हवं असेल तर आजचा विषय घ्या. विषय जरा वेगळा आहे: घरी बांधलेल्या मोटारगाडीच्या मागच्या ॲक्सलवर ब्रेकची नळी कशी बांधतात? सहावी-सातवीच्या मुलांना यातून विज्ञान, गणित आणि कार्यानुभव असे तिन्ही विषय एकत्र शिकवता येतात. आणि इथे नीट बांधलं नाही तर नुसते गुण जात नाहीत, गाडी थांबत नाही.

घरी बांधलेली गाडी म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधण्याचा छंद खूप जुना आहे. १९५७ साली लोटस कंपनीची 'सेव्हन' ही छोटी, हलकी गाडी आली. ती सुट्या भागांच्या संचातही मिळायची. तयार गाडीवरचा कर त्यामुळे वाचायचा आणि लोक ती घरी जोडायचे. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक निघालं. अवघ्या २५० पौंडांत आपली स्पोर्ट्स कार स्वतः बांधा, असं ते सांगत होतं. चौकोनी लोखंडी नळ्या वेल्ड करून सांगाडा बनवायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल फोर्ड एस्कॉर्टसारख्या जुन्या गाडीतून काढून बसवायचा, अशी ती पद्धत. अशा गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नाव पडलं.

मात्र गाडी घरी बांधली म्हणून ती थेट रस्त्यावर नेता येत नाही. तिथे अशा एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते. तपासनीस गाडीच्या खाली जाऊन ब्रेकच्या नळ्या पाहतो. नळी लोंबकळते का, कुठे घासते का, तिला पुरेसा आधार आहे का, हे सगळं बघतो. म्हणजे ही बाईंची वहीतपासणीच झाली, फक्त लाल शेऱ्याच्या जागी परवानगी अडते.

आधी थोडं विज्ञान

गाडीचा ब्रेक पायाने दाबला की पायाचं बळ चाकापर्यंत पोचतं ते द्रवातून. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांचा नियम इथे लागू पडतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखाच पोचतो. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली गाडी बाजारात आणली. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक मोटारी याच तत्त्वावर थांबतात.

पेडलमागे मास्टर सिलिंडर असतो. तिथून ब्रेक ऑइल बारीक धातूच्या नळीतून चाकाजवळच्या व्हील सिलिंडरपर्यंत जातं. या नळीची बाहेरची जाडी साधारण ४.७५ मिलिमीटर, म्हणजे मुलांच्या पेन्सिलीपेक्षाही कमी. पण जोरात ब्रेक मारला की तिच्या आतला दाब ७० बारच्याही वर जाऊ शकतो. कारच्या टायरमध्ये असतो साधारण २ बार. मुलांना एवढा आकडा सांगितला तरी ती सरसावून बसतात.

मागच्या ॲक्सलची अडचण

ॲक्सल हा शब्द मुलांना अवघड वाटला तर बैलगाडीचा आस आठवायला सांगा. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. जुन्या पद्धतीच्या मोटारीत मागे एक अखंड पोकळ नळकांडं असतं. त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा फुगीर भाग आणि दोन टोकांना चाकं. बोलेरोसारख्या गाड्यांना मागे असा ॲक्सल असतो. उभ्या असलेल्या, इंजिन बंद केलेल्या गाडीच्या मागून दुरूनच वाकून पाहिलं तरी तो दिसतो.

आता खरी गंमत. गाडीचा सांगाडा वर आणि ॲक्सल खाली, दोघांच्या मध्ये स्प्रिंग. खड्डा आला की ॲक्सल वर-खाली होतो, थोडा आजूबाजूलाही सरकतो. सांगाडा मात्र त्या मानाने स्थिर राहतो. मग सांगाड्यावरून आलेली नळी ॲक्सलवर न्यायची कशी?

हा प्रश्न मुलांना विचारा आणि फळ्यावर चित्र काढायला लावा. बहुतेक मुलं पट्टी घेऊन एक सरळ रेघ मारतील, सांगाड्यापासून थेट ॲक्सलपर्यंत. ती रेघ अगदी सुबक दिसेल. आणि तीच सगळ्यांत धोक्याची! कारण धातूची नळी दर खड्ड्याला वाकेल, सरळ होईल, पुन्हा वाकेल आणि एक दिवस तडकेल.

म्हणून सांगाड्यापासून ॲक्सलपर्यंतचा पूल लवचीक रबरी होजचा असतो. होजचं खालचं टोक ॲक्सलवर घट्ट बसवलेल्या जोडावर येतं. बहुतेक वेळा हा तीन तोंडांचा जोड असतो. एका तोंडातून ऑइल येतं, बाकीच्या दोन तोंडांतून धातूच्या दोन नळ्या डाव्या आणि उजव्या चाकाकडे जातात. या दोन नळ्या मात्र ॲक्सलला पक्क्या बांधायच्या, कारण त्यांनी ॲक्सलबरोबरच हलायचं असतं.

थोडक्यात नियम असा: जे एकत्र हलतं ते एकत्र बांधा, जे वेगवेगळं हलतं त्यांच्यामध्ये लवचीक दुवा ठेवा. सुबक दिसणं आणि नीट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इथेच कळतं.

नळी बांधण्याची रीत आणि प्रत्येक पायरीचं कारण

१) आधी तारेचा नमुना. नळी लगेच वाकवायची नाही. एक मऊ तार घेऊन ती ॲक्सलवर ठेवायची आणि वळणं ठरवायची. कारण: धातूची नळी पुन्हापुन्हा वाकवली की त्याच जागी कडक आणि कमजोर होते. कच्चं काम तारेवर, पक्कं काम नळीवर.

२) नळी गुंडाळीतून सरळ करणे. सपाट फळीवर ठेवून दुसऱ्या फळीने लाटल्यासारखी फिरवायची. वळण देताना नळी वाकवायचं साधन वापरायचं, म्हणजे ती चेपत नाही. कारण: चेपली की ऑइलची वाट अरुंद होते आणि तिथूनच तडा जायचा धोका वाढतो.

३) आधी नट, मग फ्लेअर. नळीचं टोक जोडात बसवण्यासाठी कर्ण्यासारखं पसरवतात, त्याला फ्लेअर म्हणतात. नट त्याआधीच नळीत ओवावा लागतो. एकदा टोक पसरलं की नट त्या बाजूने आत जात नाही. 'क्रम' हा शब्द शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

४) मार्ग ॲक्सलच्या वरच्या-मागच्या अंगाने. नळी ॲक्सलच्या खालून किंवा पुढून नेली तर चाकांनी उडवलेले दगड तिच्यावर बसतात. खालून नेली तर जॅक लावताना ती चिरडू शकते. वरच्या-मागच्या बाजूला ॲक्सलच तिची ढाल होतो. पण अगदी माथ्यावरही कुठेही चालत नाही. गाडी खूप खाली दबली की ॲक्सल जिथे रबरी ठोकळ्यावर आपटतो, ती जागा मोकळी ठेवायची. सायलेन्सरची नळी, फिरणारा शाफ्ट आणि हँडब्रेकची केबल यांच्यापासूनही अंतर राखायचं. डिफरन्शियलचं ऑइल भरायचं बूच नळीआड लपवायचं नाही, नाहीतर ऑइल भरायला आलेला माणूस नळीच वाकवेल.

५) ॲक्सलला भोक पाडायचं नाही. क्लिप बसवायला ड्रिल मारणं सोपं वाटतं, पण आत डिफरन्शियलचं ऑइल असतं आणि गाडीचं वजनही त्याच नळकांड्यावर असतं. जिथे आधीच एखादी पट्टी किंवा ब्रॅकेट आहे तिथे पी-क्लिप बोल्टने लावतात. बाजूने पाहिलं तर ही क्लिप इंग्रजी पी अक्षरासारखी दिसते आणि तिच्या आत रबराचं अस्तर असतं. जिथे काहीच नाही तिथे ॲक्सलभोवती स्टेनलेस स्टीलचा पट्टा आवळून त्याखाली क्लिपची पट्टी धरतात. नळी आणि ॲक्सल यांच्यामध्ये रबर हवंच. धातूवर धातू घासत राहिला तर नळीची भिंत झिजून पातळ होते.

६) आधी रंग, मग क्लिप. क्लिपखाली चिखल आणि ओल साठते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाने लोखंड किती लवकर गंजतं हे आपल्या कोकणातल्या पालकांना सांगायला नको. म्हणून पुष्कळजण साध्या पोलादी नळीऐवजी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी वापरतात. ती गंजत नाही आणि वाकवायलाही सोपी जाते.

७) क्लिपा एकसारख्या अंतरावर. गाडी बांधणारे साधारणपणे ३० सेंटिमीटरच्या आत एक आधार देतात. बोल्टची तोंडं एकाच दिशेला ठेवतात. ते शोभेसाठी नाही, पुढे नळी बदलायची वेळ आली तर पाना सरळ लागावा म्हणून. प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये, त्या उन्हा-उष्णतेने ठिसूळ होतात.

८) शेवटची तपासणी. ॲक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाहायचं. होज ताणली जात नाही ना, पिळली जात नाही ना, कुठे टेकत नाही ना? मग ऑइल भरून, हवा काढून, एकाने पेडल जोरात दाबून धरायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसायचा. कागद ओला झाला की जोड पाझरतोय. कागद खोटं बोलत नाही!

वर्गात करायचे चार उपक्रम

उपक्रम १: सिरिंजचा ब्रेक
साहित्य: सुई नसलेल्या दोन-तीन सिरिंज, सलाइनची नळी, मेडिकलमध्ये मिळणारा थ्री-वे जोड, रंगीत पाणी.
कृती: एक सिरिंज पेडल, बाकीच्या दोन चाकं. नळीत पाणी पूर्ण भरून पेडल दाबा. दोन्ही चाकांचे दट्टे सरकतात. आता मुद्दाम नळीत थोडी हवा सोडा आणि चाकाचा दट्टा बोटाने अडवून पुन्हा दाबा. पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, कारण हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही.
विचारा: ब्रेक ऑइलमधली हवा का काढतात?

उपक्रम २: किती वेळा वाकवल्यावर तुटते?
साहित्य: कागदाला लावायच्या धातूच्या यू-क्लिपा.
कृती: क्लिप सरळ करून एकाच जागी पुढे-मागे वाकवायची आणि तुटेपर्यंत मोजायचं. प्रत्येक गटाने आपला आकडा फळ्यावर लिहायचा आणि सरासरी काढायची. तुटलेलं टोक धारदार आणि किंचित गरम असतं, तेव्हा हे काम तुमच्या देखरेखीखालीच. मग पुठ्ठ्याच्या लांब नळीचा 'ॲक्सल' रबरबँडने बाकाखाली टांगा. सलाइनच्या नळीचं एक टोक बाकाला आणि दुसरं 'ॲक्सल'ला चिकटवा, मध्ये थोडी ढिलाई ठेवा. ॲक्सल शंभर वेळा हलवा, नळी तुटत नाही.

उपक्रम ३: पट्टीचं थरथरणं
साहित्य: ३० सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी.
कृती: पट्टी बाकाच्या कडेला दाबून धरा, २० सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि टिचकी मारा. पट्टी मोठ्या हेलकाव्यांनी सावकाश हलते. आता १० सेंटिमीटरच बाहेर ठेवा. हेलकावा छोटा आणि जलद होतो, वर बारीक आवाजही येतो. मोकळी लांबी निम्मी केली की कंपनं साधारण चौपट जलद होतात आणि पट्टी जास्त ताठ वागते.
विचारा: मग क्लिपा जवळ-जवळ का लावतात?

उपक्रम ४: क्लिपांचं गणित
समजा ॲक्सलवरच्या नळ्यांची एकूण लांबी १२० सेंटिमीटर आहे. तीन तोंडांचा जोड मधोमध नसून एका चाकापासून ४५ सेंटिमीटरवर आहे. दोन आधारांमध्ये ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. किती क्लिपा लागतील?

बरीच मुलं १२० भागिले ३० करून 'चार' म्हणतील. घाई करू नका. आधी चित्र काढायला सांगा. एका बाजूला ४५ आणि दुसऱ्या बाजूला ७५ सेंटिमीटर. ४५ चे ३० चे दोन पूर्ण भाग होत नाहीत, एक भाग होऊन १५ उरतात. उरलेल्या १५ सेंटिमीटरलाही आधार हवाच, म्हणजे दोन भाग करायचे, प्रत्येकी साडेबावीसचा. नळीची दोन्ही टोकं जोडातच घट्ट आहेत, म्हणून मध्ये एकच क्लिप. ७५ चे तीन भाग, प्रत्येकी २५ चा, मध्ये दोन क्लिपा. एकूण तीन.

भागाकारातली बाकी कधी सोडायची आणि कधी तिच्यासाठी एक जास्तीचा भाग मोजायचा, हे इथे नियम पाठ न करता कळतं. सहलीला बस ठरवताना उरलेली पाच मुलं आपण शाळेत ठेवून जात नाही, तसंच.

गुण कशाला द्यायचे?

माझी विनंती एवढीच आहे की या पाठाचं मूल्यमापन करताना मॉडेल किती चकचकीत झालं यावर गुण देऊ नका. प्रत्येक गटाला मॉडेलवरच्या एकेका वळणाला, एकेका क्लिपला बोट लावून विचारा, "हे इथेच का?" कारण सांगता आलं तर गुण. "छान दिसतं म्हणून" हे उत्तर आलं तर त्या जागेचा पुन्हा विचार करायला वेळ द्या. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलवर सोनेरी कागद लावलेली मॉडेल्स आपण पुष्कळ पाहतो. त्यातली किती मुलाला समजावून सांगता येतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हीच कसोटी वहीला लावा. समास का सोडायचा? गुरुजींना शेरा लिहायला आणि आपल्याला चूक दुरुस्त करायला जागा हवी म्हणून. बेरजेत एककाखाली एकक का? स्थानिक किंमत चुकू नये म्हणून. कारण कळलं की "नीट लिही" हे रोज सांगावं लागत नाही.

पालकांसाठी

घरी मूल विचारेल, आपल्याकडे असं कुणी केलंय का? डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून बनवलेली छोटी गाडी देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी त्यांचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असंही म्हटलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. मुलांना दोन्ही बाजू सांगा. कल्पकतेला दाद द्यायचीच, आणि रस्त्यावरच्या इतर माणसांसाठी नियमही पाळायचा. दोन्हींत भांडण नाही.

घरातल्या गाडीच्या ब्रेकला मात्र मुलांनी हात लावायचा नाही, हे ठामपणे सांगा. ब्रेक ऑइल अंगाला, डोळ्यांना अपाय करतं, रंगही खराब करतं. ते काम मेकॅनिकचं. हवं तर गाडी सर्व्हिसिंगला नेताना मुलाला बरोबर न्या आणि मेकॅनिकदादांना विचारू द्या, "काका, ही नळी इथूनच का नेलीये?" चांगला कारागीर या प्रश्नाने खूश होतो. आणि आपल्या कामामागचं कारण नेमक्या शब्दांत सांगणारा माणूस ऐकणं हासुद्धा मुलासाठी एक पाठच आहे.

तर मग पुढच्या वेळी वर्गात "नीट कर" असं तोंडात आलं, की त्याच्यामागे "कारण" हा शब्द जोडून बघा. कारण आपल्यालाच सांगता येत नसेल, तर ती गोष्ट नीट करायला लावायची गरज आहे का, हेही तपासून पाहू या.